पुंगळीची मान मऊ, बूड कडक : ब्रास ॲनिलिंगबद्दल मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी टेक्सासमध्ये राहतो, शनिवार-रविवार रेंजवर .३०८ विंचेस्टर काडतुसाची रायफल घेऊन पालथा पडलेला असतो आणि काडतुसं स्वतःच रीलोड करतो, म्हणजे वापरलेल्या पुंगळ्यांत (काडतुसाच्या पितळी नळ्यांत) परत बंदुकीची दारू आणि बुलेट भरतो. रेंजवर आपली मराठी मंडळी आता बऱ्यापैकी दिसायला लागलीत, आणि रीलोडिंग सुरू केलं की तीन महिन्यांत प्रत्येकाचा फोन येतो की "अहो ते पुंगळ्या भाजायचं काय प्रकरण आहे". तेच तेच किती वेळा सांगणार, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. यात दारूचं माप, बुलेटचं वजन, लोड वगैरे काही मिळणार नाही, त्यासाठी छापील मॅन्युअल घ्या आणि तेच वापरा. इथे फक्त रिकाम्या पितळेबद्दल बोलू.

ॲनिलिंग म्हणजे नक्की काय, थोडक्यात सांगा ना.

वापरून वापरून कडक झालेलं पितळ तापवून परत मऊ करणं. बस. पण पूर्ण पुंगळी नाही, फक्त मान आणि खांदा, म्हणजे जिथे बुलेट धरली जाते तो भाग आणि त्याच्या खालचा उतार. बाकीच्या पुंगळीला हात लावायचा नाही, आणि हे वाक्य मी खाली अजून चार वेळा लिहिणार आहे, कंटाळलात तरी वाचा.

पण पितळ वापरून कडक होतंच कसं? वापरून तर वस्तू ढिली होते.

लहानपणी पुण्यात कसब्यात तांबट आळीवरून शाळेत जायचो, सकाळपासून ठक ठक ठक. तिथे तुम्ही कधी पाच मिनिटं उभे राहिला असाल तर ॲनिलिंग तुम्ही पाहिलेलं आहे, फक्त नाव माहीत नव्हतं. तांब्याचा पत्रा ठोकत ठोकत त्याचा हंडा करतात, पण काही वेळाने पत्रा ऐकेनासा होतो, हातोडी उसळायला लागते, आणि तसंच रेटलं तर चीर जाते. मग भांडं भट्टीत घालून तापवतात की परत लोण्यासारखं. आणि सगळ्यात शेवटी जे मठारकाम करतात, ते गोल गोल ठोक्यांचं, ते फक्त दिसायला छान म्हणून नाही हं, त्या ठोक्यांनी भांडं मुद्दाम कडक करतात म्हणजे रोजच्या वापरात पोचे पडत नाहीत.

पुंगळीचं तेच. बार उडाला की मान फुगून चेंबरला (बंदुकीत काडतूस बसतं त्या जागेला) चिकटते, मग आपण डायमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालून तिला परत आवळतो, काही डायमध्ये वर एक्सपांडर बॉल ओढून परत फुगवतो, पुढचा बार, परत फुगली, परत आवळली. प्रत्येक वेळी आतले स्फटिक एकमेकांवर सरकतात, त्यांच्यातले दोष एकमेकांत अडकत जातात आणि पुढच्या वेळी सरकायला जागा कमी उरते. म्हणून धातू कडक आणि ठिसूळ. चार-सहा वेळा असं झालं की एक दिवस मानेला उभी चीर. ती चीर म्हणजे पितळेचा राजीनामा.

कडक झाली तर झाली, चीर जाईपर्यंत वापरेन की. त्रास काय?

त्रास चिरेच्या आधीच सुरू होतो. कडक पितळ स्प्रिंगसारखं वागतं. डायमध्ये आवळलं, बाहेर काढलं, की थोडं परत फुलतं, आणि जितकं कडक तितकं जास्त फुलतं. म्हणजे तुम्ही डाय सेट केला होता खांदा २ थाउ (०.००२ इंच) मागे ढकलायला आणि पाचव्या वापराला तोच डाय, तेच सेटिंग, आणि खांदा जेमतेम अर्धा थाउ हललाय किंवा हललाच नाही. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) जड लागायला लागतो. मानेचंही तसंच, बुलेट मानेत बसवताना एक सहज जाते, दुसरीला दात-ओठ खावे लागतात. आणि पकड वेगवेगळी तर वेगही वेगवेगळा, १०० यार्डांवर कळत नाही पण ६०० ला टार्गेटवर उभी रांग दिसायला लागते.

फक्त मान आणि खांदाच का? बुडाने काय पाप केलंय?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, चहा बाजूला ठेवून वाचा.

.३०८ विंचेस्टरला अमेरिकेच्या सामी या संस्थेने ठरवलेली कमाल दाबाची मर्यादा ६२,००० पीएसआय आहे. घरातल्या कुकरमध्ये शिट्टी व्हायच्या वेळेला असतो साधारण १५ पीएसआय. म्हणजे चार हजार कुकर, तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर. मान, खांदा, अंग या सगळ्याला चेंबरच्या स्टीलचा आधार असतो, ते फुगून भिंतीला टेकतात आणि गॅस अडवतात, पण बुडाचा थोडासा भाग चेंबरच्या बाहेर, बोल्टच्या तोंडाशी असतो, त्याला बाजूने कोणी धरलेलं नाही. तिथे पितळ स्वतःच्या ताकदीवर उभं असतं. म्हणून फॅक्टरीत बूड मुद्दाम दाबून ठोकून कडक करतात, आणि मान सगळ्यात शेवटी तापवून मऊ करतात. एकाच पुंगळीत खालून वर कडक ते मऊ असा उतार असतो, तो अपघाताने नाही, ठरवून आणलेला आहे.

आता तुम्ही बूड तापवून मऊ केलंत तर? नशीब चांगलं असेल तर प्रायमरची (दारू पेटवणाऱ्या बुडातल्या छोट्या टोपीची) खोबण सैल होते, गॅस गळतो आणि पुंगळी फेकावी लागते. नशीब वाईट असेल तर बूड फाटतं आणि तो सगळा गॅस मागे येतो, बंदूक जाते, आणि चष्मा घातला नसेल तर डोळाही. आणि मऊ झालेलं बूड परत कडक करायचा घरगुती उपाय नाही. शून्य. म्हणून मान मऊ, बूड कडक.

किती तापवायचं? कोणी ६५० म्हणतं, कोणी ७५०, कोणी १०००.

सगळे फॅरनहाइटमध्ये बोलतात आणि सगळे अर्धवट बोलतात, कारण नुसत्या तापमानाला अर्थ नाही, तापमान गुणिले वेळ असं बघायला लागतं. पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. हे २५०-३०० अंश सेल्सिअसला तासभर ठेवलंत तर आतला ताण उतरतो, पण आपल्याकडे तास नसतो, आपल्याकडे सेकंद असतात, कारण तासभर तापवलं तर उष्णता खाली बुडापर्यंत जाणारच, पितळ उष्णता फार छान वाहून नेतं. म्हणून आपण मानेला झटकन जास्त तापमानाला नेतो आणि लगेच बाहेर काढतो. ज्योतीवर करताना बहुतेक लोक ७५० फॅरनहाइट म्हणजे साधारण ४०० सेल्सिअस पार करायचं लक्ष्य ठेवतात, इंडक्शनवाले (विजेच्या मशीनने तापवणारे) याच्याही बरेच वर जातात पण फार कमी वेळ. दोघंही बरोबर असू शकतात.

वरची मर्यादा लक्षात ठेवा: हे पितळ ९१५ सेल्सिअसच्या आसपास वितळायला लागतं, आणि जस्त ९०७ ला उकळतं. म्हणजे मान भडक नारिंगी दिसायला लागली तर तुम्ही ॲनिलिंगच्या गावाबाहेर गेलात.

आणि पुंगळीच्या खालच्या भागाची मर्यादा: खांद्याच्या खाली अंगावर ४५० फॅरनहाइटची (२३२ सेल्सिअस) टेम्पिलॅकची रेघ मारा. टेम्पिलॅक म्हणजे ठरलेल्या तापमानाला वितळणारा रंग. मानेच्या आत ७५० चा, अंगावर ४५० चा. आतला वितळला पाहिजे, बाहेरचा वितळता कामा नये. पहिल्या दहा-पंधरा पुंगळ्यांवर हे करून सेकंद ठरवा, नंतर प्रत्येकीला रंग लावत बसायची गरज नाही.

बरं, मग सेकंद किती?

माझ्या टॉर्चला (गॅसच्या ज्योतीच्या, बॅटरीच्या नव्हे) .३०८ ला ६ ते ७, .२२३ ला ४ च्या आसपास. तुमच्या टॉर्चला वेगळे येतील. ज्योत किती मोठी, किती लांब धरली, पुंगळी कुठल्या कंपनीची (काहींच्या माना जाड असतात), सगळ्याने फरक पडतो. माझा आकडा घेऊन जाऊ नका, पद्धत घेऊन जा.

सुरुवात कशाने करू? घरात आहे त्यात भागेल का?

भागेल. बॅटरीवर चालणारा ड्रिल, त्यात बसणारा डीप सॉकेट ज्यात पुंगळी सैलसर उभी राहील आणि खांद्यासकट थोडी बाहेर डोकावेल, एक प्रोपेनचा टॉर्च (प्लंबर वापरतो तोच), धातूचा ट्रे, आणि फोनवर मेट्रोनोम. हो, गाण्याच्या क्लासवाला मेट्रोनोम, मिनिटाला ६० वर लावा, टक टक मोजत जा, मनात मोजलेले सेकंद कधीच सारखे नसतात, विशेषतः ऐंशीव्या पुंगळीला आपण पार झोपेत मोजत असतो.

टॉर्च एका जागी घट्ट बसवा, हातात धरू नका. ज्योतीच्या आत जो निळा सुळका दिसतो त्याचं टोक मान आणि खांदा जिथे जुळतात तिथे यायला हवं. ड्रिल हळू फिरवायचा, भुंगा नाही करायचा, फिरवण्याचा हेतू एवढाच की सगळ्या बाजूंनी सारखं तापावं. वेळ झाली की ड्रिल खाली वाकवायचा, पुंगळी ट्रेमध्ये टण्णकन पडते, पुढची घ्या. सॉकेट पुंगळीचा खालचा भाग झाकतो आणि बरीच उष्णता स्वतः पितो हा फायदा, पण तीसेक पुंगळ्यांनंतर सॉकेटच इतका तापतो की त्यात घातलेली नवीन पुंगळी आधीच कोमट असते, आणि तुमचे सेकंद चुकायला लागतात. दोन सॉकेट ठेवा, आलटून पालटून.

प्लास्टिकचा डबा वापरू नका. मी वापरला होता. श्रीखंडाचा. तळाला अकरा भोकं.

जुनी पद्धत ऐकलीये, परातीत पाणी घालून पुंगळ्या उभ्या करायच्या आणि वरून टॉर्च मारायचा, मग आडवी पाडायची.

पाण्यामुळे बूड नक्की थंड राहतं, त्या बाबतीत पद्धत सुरक्षित आहे. पण ज्योत एकाच बाजूने लागते, मानेची एक बाजू मऊ आणि दुसरी तशीच, म्हणजे ज्या एकसारखेपणासाठी एवढा खटाटोप केला तोच गेला. पुंगळीचं आयुष्य वाढवायचं असेल तर ठीक, ग्रुप (टार्गेटवरच्या गोळ्यांचा झुबका) सुधारायला नाही.

मशीन घ्यावं का?

वर्षाला दोनशे पुंगळ्या करत असाल तर नको. हजारभर करत असाल तर विचार करा. ज्योतीवर चालणारी, पुंगळ्या आपोआप फिरवत पुढे नेणारी मशिनं ३००-४०० डॉलरपासून आहेत, आणि न्यूझीलंडची एएमपी म्हणून कंपनी आहे त्यांचं इंडक्शनचं मशीन दीड हजार डॉलरच्या पुढे जातं. ते खरंच छान आहे, वेळ वीज बरोबर मोजते, आपण नाही. माझ्याकडे नाही. घरी विचारायची हिंमत झाली नाही असंही म्हणू शकता.

मान लाल दिसली पाहिजे का?

गॅरेजचा दिवा मंद करून बघितलं तर अगदी पुसटसा, आहे-की-नाही असा लालसरपणा सुरू होतो, तिथे थांबायचं असं बरेच ज्योतवाले मानतात. अडचण अशी की "पुसट" हे खोलीत उजेड किती यावर ठरतं. दुपारी बाराला टेक्सासच्या उन्हात गॅरेजचं दार उघडं ठेवून जेव्हा तुम्हाला लाल दिसतं तेव्हा ते अंधारात केव्हाच भडक झालेलं असतं. मी असेच चाळीस लापुआ कंपनीच्या पुंगळ्या घालवल्यात, प्रत्येकी डॉलरच्या वर, एका निवांत रविवारी, आणि कळलं पुढच्या आठवड्यात जेव्हा बुलेट बोटाने ढकलली तरी आत सरकायला लागली. तेव्हापासून एक नियम: सेटिंग टेम्पिलॅकने, वेळ मेट्रोनोमने, डोळा फक्त गडबड पकडायला.

तापवल्यावर लगेच पाण्यात टाकायची की नाही? स्टील पाण्यात टाकलं की कडक होतं ना?

स्टीलचं स्टीलपाशी. लोहार विळा तापवून पाण्यात बुडवतो तेव्हा स्टीलची आतली रचनाच बदलते, पितळेत तसलं काही होत नाही. पितळ हळू थंड करा नाहीतर पटकन, मऊपणा तोच. पाण्याने एवढंच की उष्णता खाली सरकायची थांबते, पण सेकंद बरोबर असतील तर ती गरजच नाही, आणि वर ओल्या पुंगळ्या वाळवत बसा. मी कोरड्या ट्रेमध्ये टाकतो.

किचनच्या ओव्हनमध्ये सगळ्या एकदम ठेवल्या तर? अर्ध्या तासात पाचशे होतील.

नाही. नाही. नाही. ओव्हन मान आणि बूड सगळं सारखंच तापवतो, आणि वर वाचलंत ना बुडाबद्दल. ओव्हन ५०० फॅरनहाइटला जातो, म्हणजे २६०, तासभर ठेवलंत तर मान धड मऊ होत नाही आणि बुडाशी उगाच खेळ होतो, दोन्हीकडून तोटा. कोळशाच्या शेगडीत ओतणं वगैरे तर विचारूच नका. धुतलेल्या पुंगळ्या २०० फॅरनहाइटला (९३ सेल्सिअस) वाळवल्या तर धातूला काही होत नाही, पण ज्या ओव्हनमध्ये केक होतो त्यात हे करू नका, कारण खाली शिशाचं लिहिलंय.

ह्याच कारणाने जळालेल्या घरातून किंवा शेकोटीतून आलेल्या पुंगळ्या कितीही चकचकीत करून कोणी दिल्या तरी थेट भंगारात.

सॉल्ट बाथ? स्वस्त आहे म्हणे.

वितळलेली नायट्रेटची मिठं साधारण ५०० सेल्सिअसच्या वर ठेवून त्यात मान बुडवायची. कागदावर उत्तम, सगळीकडून सारखी उष्णता. पण एका पुंगळीत पाण्याचा एक थेंब राहिला की वाफ होऊन ते मीठ अंगावर उडतं, फोडणीत पाणी पडल्यासारखं, फक्त फोडणी १८० ला असते. त्यातून नायट्रेट म्हणजे आग भडकवणारा पदार्थ. करणारे करतात, मी करत नाही आणि कोणाला शिकवत नाही.

साइझिंगच्या, म्हणजे डायमध्ये आवळण्याच्या, आधी करायचं की नंतर?

आधी. परत तांबट आठवा: आधी भट्टी, मग मठार. तापवल्यावर मान जरा जास्तच मऊ असते, मग साइझिंगमध्ये आवळली की थोडीशी कडक होते आणि तोच थोडासा कडकपणा बुलेट धरायला कामाला येतो. उलटं केलंत तर मऊ मानेत बुलेट भरताय, पकड कमी. सेमी-ऑटोमध्ये (पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या बंदुकीत) तर बुलेट मॅगझिनमधून वर चढताना आत ढकलली जाऊ शकते आणि दाब वाढतो, तो वेगळाच धोका.

माझा क्रम: रेंजवरून आणलं, प्रायमर काढला, धुतलं, वाळवलं, ॲनिल, मग ल्यूब (वंगण) लावून साइझ, मग लांबी मोजून ट्रिम. धुताना स्टीलच्या पिना वापरत असाल तर ॲनिलनंतर परत पिनांमध्ये घालू नका, त्या मानेच्या काठावर हजारो छोटे ठोके मारतात, झालं परत मठारकाम.

आणि सांगायची गरज पडू नये पण सांगतो, भरलेलं काडतूस किंवा जिवंत प्रायमर बसवलेली पुंगळी ज्योतीजवळ कधीच नाही. फुटलेला प्रायमर आत राहिला असेल तर चालतं. त्या टेबलावर त्या दिवशी दारूचा डबा नको, उघडा नको आणि बंदही नको.

दर वेळी करायचं की तीन-चार वापरांनंतर?

दोन्ही पंथ आहेत. मी दर वेळी करतो, कारण मग प्रत्येक पुंगळी दर वेळी त्याच जागेवरून सुरू होते. तुम्ही तीनदा वापरून मग करत असाल तर हरकत नाही पण अख्खा डबा एकदम करा, दोनदा वापरलेल्या आणि पाचदा वापरलेल्या एकत्र नको, नाहीतर ॲनिल करून काही साधलं नाही. कितीही वेळा करता येतं, पितळेला त्याचा कंटाळा नाही.

झालंय की नाही कसं कळणार? कडकपणा मोजायचं यंत्र नाही माझ्याकडे.

माझ्याकडेही नाही. प्रयोगशाळेत विकर्स कडकपणा मोजतात, पूर्ण मऊ केलेलं हे पितळ साठ-पासष्टच्या आसपास येतं आणि ठोकून कडक केलेलं १८० च्या पलीकडे, आपल्याला मानेत मधलं कुठलंतरी हवं असतं. घरी काय करायचं तर एक पुंगळी बळी द्या. पकडीने मान हलकीशी दाबा आणि सोडा. अजिबात दबत नाही, टणक लागते, तर अजून कडक आहे. दबते आणि सोडल्यावर बऱ्यापैकी परत येते, छान. दबते आणि तशीच चपटी राहते, जास्त शिजली.

याहून खरी परीक्षा डायची. ॲनिलनंतर दहा पुंगळ्या साइझ करा आणि खांदा किती मागे गेला ते कंपॅरेटरने (खांद्यापर्यंतचं अंतर मोजायच्या साधनाने) मोजा. दहाही अर्ध्या थाउच्या आत सारख्या आल्या तर तुम्ही जिंकलात, तापमान काही का असेना.

माझ्या मानेवर निळसर जांभळा पट्टा आलाय. मित्राच्या पुंगळीवर फिकट. कोणाचं बरोबर?

रंगावर जाऊ नका. तो पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर आहे, पुंगळी किती स्वच्छ होती, ज्योतीत हवा किती होती, यावरही बदलतो. नव्या लष्करी पुंगळ्यांवर, उदाहरणार्थ मिझुरीतल्या लेक सिटीच्या, हा पट्टा तसाच ठेवलेला असतो म्हणजे तपासणाऱ्याला दिसावं की मान ॲनिल झालीये. दुकानात मिळणाऱ्यांवरही फॅक्टरीत ॲनिल झालेलं असतंच, फक्त पॉलिश करून पट्टा घालवतात कारण गिऱ्हाइकाला वाटतं माल जुना आहे.

कुठल्या पुंगळ्या करायच्याच नाहीत?

ॲल्युमिनियम आणि स्टीलच्या नाही. निकेलचा मुलामा असलेल्या मी सोडून देतो. नऊ एमएम वगैरे पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांना सहसा कोणी करत नाही, त्या आखूड असतात, बूड जवळ, आणि रेंजवर गवतात हरवण्याआधी त्यांची मान चिरतही नाही. .४५-७० सारख्या जुन्या सरळ पुंगळीत काळी दारू भरणारे मात्र ॲनिल करतात, मऊ तोंड कमी दाबावरही चेंबरला नीट चिकटतं म्हणून.

ॲनिल केलं म्हणजे जुनी पुंगळी नवी झाली ना?

मान नवी झाली. बूड जितकं म्हातारं आहे तितकंच आहे. लोक इथे फसतात: पंधराव्या वापराला मान सुंदर, एकही चीर नाही, आणि आत बुडाच्या थोडं वर भिंत ताणून ताणून पातळ झालेली. बाहेरून तिथे एक चमकदार गोल रेघ दिसते. पेपरक्लिप सरळ करून टोकाला आकडा वाकवा, आत घालून भिंतीवरून वर ओढा, खाच लागली तर पुंगळी पकडीने चेपून फेका, म्हणजे चुकून परत डब्यात येत नाही. प्रायमर अंगठ्याने बसायला लागला तरीही तेच. ॲनिलिंग यातलं काहीही दुरुस्त करत नाही.

पुंगळ्या पितांबरीने घासल्या तर चालेल का? आई चिंचेने घासायची.

चिंच-लिंबाची कल्पना वाईट नाही, इथले लोकही सायट्रिक ॲसिड पाण्यात चिमूटभर घालतात. पण दहा-पंधरा मिनिटं, रात्रभर भिजवू नका, नाहीतर वरचं जस्त निघून जातं आणि पुंगळी गुलाबी दिसायला लागते. पावडरने एकेक घासत बसायला तुम्हाला वेळ असेल तर मला तुमचा हेवा वाटतो.

मात्र अमोनिया असलेलं पॉलिश, ब्रासोसारखं, लांब ठेवा. याच्यामागे आपल्याकडचीच गोष्ट आहे. ब्रिटिश काळात हिंदुस्तानात पावसाळ्यात फौजेची काडतुसं तबेल्यांत ठेवली जायची, आणि पावसाळा संपला की मानेला आपोआप चिरा गेलेल्या सापडायच्या, एकही बार न उडवता. ऋतूप्रमाणे यायचं म्हणून नाव पडलं सीझन क्रॅकिंग. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी उलगडा केला: घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया आणि पुंगळी ओढून बनवताना पितळेत राहून गेलेला ताण, दोन्ही एकत्र आले की चीर. उपाय म्हणजे बनवल्यावर हलकं तापवून तो ताण उतरवणं. म्हणजे आज मी गॅरेजमध्ये जे करतो त्याचा एक धागा आपल्या पावसाळ्यापर्यंत जातो, आणि खरं सांगतो, मला या छंदातली सगळ्यात आवडती माहिती हीच आहे.

धुराचं काय? शिसं असतं म्हणतात.

असतं. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं आणि ती काजळी पुंगळीत बसलेली असते. म्हणून धुवून मगच तापवा, दार उघडं, पंखा बाहेरच्या दिशेने, नंतर साबणाने हात, आणि स्वयंपाकघरातली चाळणी, परात, पातेलं यातलं काही एकदा गॅरेजमध्ये आलं की परत घरात जाणार नाही. आमच्याकडची पोह्यांची चाळणी अशीच गॅरेजवासी झालीये, त्यावरून अजून ऐकतो.

खरंच ग्रुप लहान होतो का?

पुंगळी जास्त टिकते हे नक्की. साइझिंग सारखं येतं हेही नक्की. ग्रुपचं मी असं सांगेन की तुमचा श्वास आणि ट्रिगर अजून डळमळीत असेल तर ॲनिलिंगचा फरक त्यात बुडून जातो, आधी गोळ्या झाडा. १०० यार्डांवर डब्बे उडवणाऱ्याने यात पडूच नये.

मी एच-वन-बी वर आहे. मी करू शकतो का?

थांबा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला बंदी आहे, एच-वन, एल-वन, एफ-वन सगळे त्यात येतात. वैध हंटिंग लायसनसारखे ठराविक अपवाद आहेत, पण ते तुम्हाला लागू होतात का हे माझ्यासारख्या पुंगळ्या भाजणाऱ्याला नाही, वकिलाला विचारा. इथे व्हिसाच जाऊ शकतो. ग्रीन कार्ड असेल तर केंद्रीय कायद्याची ही आडकाठी नाही, राज्याचे नियम वेगळे बघायचे. स्वतःपुरतं रीलोड करायला केंद्राचं लायसन लागत नाही, भरलेली काडतुसं विकायचा धंदा करायचा तर लागतं.

आणि भारतात? आपला स्वप्निल कुसाळे पण करत असेल ना हे?

नाही, त्याला गरजच नाही. कोल्हापूरच्या स्वप्निलने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ घेतलं ते .२२ रिमफायरवर. त्यात प्रायमर वेगळा नसतो, स्फोटक बुडाच्या काठात भरलेलं असतं, एकदा उडाली की पुंगळी संपली, रीलोड होत नाही. आणि १० मीटर एअर रायफलला तर पुंगळीच नाही.

भारतात लायसनशिवाय काडतूस बनवणं आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ खाली येतं आणि शिक्षा किरकोळ नाही, वर्षानुवर्षांची आहे. हे वाचून गावाकडे कोणी प्रयोग करू नका. पुण्यात काडतुसं बनतात, १८६९ पासून खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत, त्यांना बनवू द्या.

डिसेंबरमध्ये मुंबईला चाललोय. काही काळजी?

रेंजला नेलेली बॅग प्रवासाला नेऊ नका, बस. एखादं काडतूस किंवा पुंगळी शिवणीच्या खाली, पाण्याच्या बाटलीच्या कप्प्यात, जॅकेटच्या अस्तरात हमखास राहते, एक्स-रेमध्ये दिसते, आणि मग एअरपोर्टवर पोलीस, जबाब, गुन्हा, तारखा. चुकून राहिली हे कोर्टात पटतं सुद्धा, पण तोपर्यंत तुमची सुट्टी गेलेली असते. मी रेंजची बॅग लाल घेतलीये आणि ती गॅरेजच्या बाहेर येत नाही, चाळणीच्या शेजारीच टांगलेली असते.